हात न लावलेली केशरी

परवा आमच्या शेजारच्या वैद्यांची नवी सून भेटायला आली. नाशिकची पोरगी. येताना माझ्यासाठी एक बाटली घेऊन आली. वैद्य बिचारे छताकडे बघत होते, पण ती धीट. म्हणाली, "काका, ही ऑरेंज वाईन. संत्र्याची नाही हं, द्राक्षांचीच. जुन्या वेलींची. यात काहीही घातलेलं नाही. यीस्ट नाही, साखर नाही, गाळलेलीसुद्धा नाही."

मी बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरली. बिनदुधाच्या चहाचा रंग, तळाशी थोडा गाळ. म्हटलं, "सालींसकट ठेवली असणार. पाच-सहा महिने तरी."

"तुम्हाला कसं माहीत?" झाशीच्या प्रेम नगरातल्या, रेल्वेतून रिटायर झालेल्या म्हाताऱ्याकडून तिची ही अपेक्षा नव्हती.

आता आली का पंचाईत. हे किस्से एकेकटे निघतच नाहीत. यार्डात उभ्या रांगेतल्या एका डब्याला धक्का दिला की खडखड पार शेवटच्या डब्यापर्यंत जाते, तसं आहे ते. आमची ही म्हणते, "तुम्ही त्या अंगणाचं नाव काढलंत की स्वयंपाक गार होतो." होऊ दे गार. धक्का बसलाच आहे, तर बसा आणि ऐका.

आधी एक सांगून ठेवतो. मी गाड्या तपासणारा माणूस. लांब दांड्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीच्या कडेनं चालायचं, प्रत्येक चाकाला टोला द्यायचा आणि ऐकायचं. चाक चांगलं असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर भद्द बोलतं. तीस वर्षं हेच केलं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझा विश्वास आवाजावर. त्यामुळे मी सांगेन ते ऐकलेलं आणि पाहिलेलं सांगेन, त्याचा अर्थ मला विचारायचा नाही.

* * *

सिविल लाइन्सच्या टोकाला अल्बर्टसाहेबांचा बंगला होता. साहेब अँग्लो-इंडियन, मेल गाडीचे रिटायर्ड ड्रायव्हर. डोरा आंटी त्यांची बायको. मूलबाळ नाही. मागच्या अंगणात मांडवावर चढवलेली द्राक्षाची वेल. साहेबांच्या आजोबांनी ती लावली, तेव्हा झाशीत नुकते रूळ पडत होते म्हणे. खोड माझ्या मांडीएवढं. द्राक्षं मात्र बारीक, हिरवी, जाड सालीची, बियांनी भरलेली. नुसती खायला घेतलीत तर तोंड वाकडं होईल.

त्या अंगणात आमची बैठक. मी, दामले तात्या आणि साहेब. तात्या गुड्स गाडीवर गार्ड. त्यांचं घराणं झाशीत सात पिढ्यांचं, म्हणून आम्ही भुसावळहून आलेले लोक त्यांच्या लेखी कायमचे पाहुणे. चौथा हल्के, साहेबांचा म्हातारा माळी. तो बसायचा नाही, उभा राहून बोलायचा.

जूनमध्ये, लू म्हणजे इथला भाजणारा वारा वाहत असताना द्राक्षं उतरवायची. अंगणाच्या कडेला एक खोली होती, जाड भिंतींची, खिडकी नसलेली. तिच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एक रांजण. द्राक्षं हातानं कुस्करायची आणि साल, बी, देठ सगळं त्यात लोटायचं. बस. पुढचं आपोआप. दुसऱ्या दिवशी खदखद सुरू व्हायची. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ काठीनं वर आलेली सालं खाली दाबायची, आणि खदखद थांबली की तोंडावर मातीची जाड चकती बसवून बंद. नाताळच्या दिवशी उघडायचं. मधे हात लावायचा नाही. जी निघायची तिला आम्ही केशरी म्हणायचो.

साहेबांनी मला पहिल्यांदा बोलावलं ते त्या रांजणासाठीच. म्हणाले, "सोमण, तुम दिन भर पहिये बजाते हो। मेरा एक बर्तन बजा दो। देखो, कहीं दरार तो नहीं।"

रांजण रिकामा होता. मी हातोडीच्या दांड्यानं गळ्यावर हलका टोला दिला. छान वाजला, खणखणीत. मी "ठीक आहे" म्हणायला तोंड उघडलं आणि खालून तसाच आवाज परत आला. घुमला असेल म्हणाल, तर घुमलेला आवाज लगेच येतो. हा येईपर्यंत मी हातोडी खांद्यावर टाकून उभा राहिलो होतो.

मी साहेबांकडे पाहिलं. ते पाइप भरत होते.

"उसको जवाब देने की आदत है," ते म्हणाले. "तुम बजाते रहो।"

* * *

साहेबांच्या उजव्या हाताचा अंगठा अर्धाच होता. पोरवयात शंटिंग करताना दोन डब्यांच्या कपलिंगमध्ये सापडला आणि वरचं पेर गेलं. राहिला तो आखूड, बोथट, टोकाला आडवा व्रण असलेला. रांजण बंद केला की ओल्या चकतीवर वरून ते हाच अंगठा दाबायचे. हे त्यांचं सील. तसला ठसा दुसऱ्या कुणाला उमटवता येणं शक्यच नव्हतं.

एका नाताळला आम्ही मांडवाखाली बसलो होतो. केशरी नुकतीच काढलेली. चव काय सांगू, सुक्या जर्दाळूची, थोडी कडक चहाची, आणि शेवटी जिभेला तुरट पकड. तात्यांचा दुसरा ग्लास चालू. घरी तात्या याला काढा म्हणायचे, आणि वहिनींनी तो काढा कधी हुंगून बघितला नाही, ही त्यांची मेहेरबानी.

तात्यांनी सहज विचारलं, "साहब, तो कटा हुआ टुकड़ा कहाँ गया?"

"मेरी माँ ने गाड़ दिया। वहीं।" साहेबांनी वेलीच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. "उसके पहले ये बेल फल नहीं देती थी। उसके बाद कोई साल खाली नहीं गया।"

हल्के मान हलवत होता, त्याला हे ठाऊक होतं. तात्यांनी ग्लास उजेडात धरला, मग हळूच खाली ठेवला.

"सोमण," ते मला मराठीत म्हणाले, "आधी मला सांग, मी आजपर्यंत शाकाहारी राहिलो की नाही?"

मी म्हटलं, दोन ग्लासांनंतर विचारून काय उपयोग. त्यांनी ग्लास संपवला, पण पुढच्या वर्षापर्यंत बुंध्याच्या बाजूची खुर्ची घेतली नाही.

* * *

तात्यांची खोड अशी की कुठलीही गोष्ट नीट केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. साहेब आणि आंटी एकदा लग्नासाठी दोन दिवस ग्वाल्हेरला गेले. रांजण तेव्हा उघडा, सालं दाबायचं काम हल्केकडे. तात्यांनी खोलीत डोकावून पाहिलं. आत गढूळ, पिवळट, चिखलासारखं दिसत होतं.

आता मराठी घरात गढूळ पाणी दिसलं की काय करतात? तुरटी फिरवतात. आमच्या घरात सात पिढ्या रांजण तुरटीनंच निवळतात, हे तात्यांचं म्हणणं. त्यांनी घरच्या फडताळातून तुरटीचा खडा आणला, वहिनींच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला, गाठ मारली आणि पुरचुंडी रांजणात सोडून दिली. कुणाला बोलले नाहीत. साहेबांवर उपकार करतो आहोत असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि तात्या गेलो, तर पुरचुंडी मांडवाखाली तात्यांच्या खुर्चीवर ठेवलेली. कोरडी. कापड पांढरं स्वच्छ, डाग नाही, वास नाही. गाठ तीच. तात्यांनी सोडली तर आत खडा जसाच्या तसा, कडासुद्धा झिजलेल्या नव्हत्या.

तात्या मलाच ओरडले, "सोमण, ही थट्टा बरी नाही." तेव्हा कुठे मला कळलं की त्यांनी काय केलं होतं. हल्केला विचारलं. तो म्हणाला, "मोए कछू नईं पतो भैया। मैंने तो लकड़ी से दबाओ और ताला डार दओ।" आणि खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. शिवाय त्या रसात बुडालेलं कापड पुन्हा पांढरं कसं करायचं, हे कुठल्याही धोब्याला विचारा.

साहेब परत आल्यावर तात्यांनी कबूल केलं. साहेब रागावले नाहीत.

"उसको जो नहीं चाहिए, वो रखता नहीं," एवढंच म्हणाले.

तात्यांनी ती तुरटी घरी नेली नाही. वहिनींना सांगितलं, खडा हरवला.

* * *

पुढं पुढं माझं कामच ठरून गेलं. रांजण बंद झाला की नाताळपर्यंत दर रविवारी त्या खोलीत जायचं, हातोडीच्या दांड्यानं गळ्यावर एकच हलका टोला द्यायचा आणि बाहेर येऊन सांगायचं, भरा है. झिरपला असता तर आवाज बदलला असता. हात लावायचा नाही, पण विचारपूस करायची, असं आंटी म्हणायच्या.

असाच एक रविवार. सकाळी ड्युटीवर एक गाडी तपासून पास केली होती, दुपारी सुटायची होती. जेवायच्या आधी बंगल्यावर गेलो, टोला दिला. भद्द.

पुन्हा दिला. भद्द. खाली वाकून पाहिलं. गळ्याला तडा नाही, माती ओली नाही, चकती घट्ट. साहेब आले, त्यांनी नुसता तळवा टेकवला.

"बर्तन ठीक है," ते म्हणाले. "तुम अपना पहिया देखो।"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सायकल काढली आणि भर उन्हात यार्ड गाठलं. गाडी सुटायला थोडाच वेळ होता. सगळे म्हणाले, सोमण, सकाळी तुम्हीच पास केली की. मी इंजिनाकडून सुरुवात केली. चौथ्या डब्याच्या तिसऱ्या चाकाला टोला दिला आणि ते भद्द बोललं. तोच आवाज, तीच पट्टी. खडूनं घासून पाहिलं तर केसासारखी बारीक चीर.

सकाळी ते चाक मी स्वतः वाजवलं होतं आणि ते चांगलं वाजलं होतं. डबा काढला, गाडी गेली. ऑफिसातल्या साहेबलोकांनी विचारलं, दुसऱ्यांदा तपासायचं कसं सुचलं. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, "आवाजावरून". ते काही खोटं नव्हतं.

* * *

मग ते वर्ष आलं. वाफेची इंजिनं एकेक करून बाजूला लागत होती. त्या जूनमध्ये साहेबांना बरं नव्हतं, तरी द्राक्षं त्यांनीच कुस्करली. जुलैच्या सुरुवातीला चकती बसवली, अंगठा दाबला, आणि ऑगस्टमध्ये, पावसाच्या झडीत, दुपारची झोप घेता घेता गेले.

आठवड्याभरात वेलीची पानं गळली. ऑगस्टमध्ये. सगळी झाशी हिरवीगार, आणि तो मांडव नुसत्या काड्यांचा. हल्के सकाळ-संध्याकाळ झाडून ढीग करायचा आणि डोळे पुसायचा.

बंगल्याची जमीन भाडेपट्ट्याची, पट्टा साहेबांच्या हयातीपुरता. मालकाला घर पाडून नवं काही बांधायचं होतं, वेलही जाणार होती. आंटींची बहीण बंगलोरला, ती बोलावत होती. आंटींनी मालकाकडून फक्त डिसेंबर अखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. तात्या समजावत होते, की आंटी, एकट्या कशाला राहता, आताच जा, रांजण आम्ही बघू.

आंटी म्हणाल्या, "मुझे उसके हाथ का एक ग्लास चाहिए। बस एक। वो आख़िरी बार जो बनाके गया है, वो पीके मैं चली जाऊँगी। उसके पहले नहीं।"

रांजण उकरून हलवता येत नव्हता. लवकर उघडला तर केशरी कच्ची. हवा लागली तर आंबून सिरका, म्हणजे व्हिनेगर. म्हणजे नाताळपर्यंत त्याला काही होता कामा नये, एवढंच आमच्या हातात होतं. साहेब गेल्यापासून आंटी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. किल्ली माझ्याकडे दिली. दर रविवारी मी बाहेर आलो की व्हरांड्यातून विचारायच्या, "क्या बोला?"

मी म्हणायचो, "भरा है, आंटी।" आणि त्या मान हलवायच्या. आठवडाभर तेवढ्यावर राहायच्या.

* * *

आता माझ्या हातून काय झालं ते. हे मी बायकोलासुद्धा बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरातला रविवार, सकाळची वेळ. आंटी चर्चमध्ये. मी टोला दिला, आणि काहीच नाही. भद्द नाही, खण नाही, खालून परत येणारा आवाजही नाही. मी टोला दिलाच नव्हता जणू.

यार्डात आमचा नियम असतो. शंका आली की दुसरा टोला पूर्ण ताकदीनं, लोखंडानं. चाक बोललंच पाहिजे. वर्षानुवर्षांची सवय, माझा हात माझ्या आधी चालला. हातोडी फिरली, दांड्याच्या जागी लोखंड गळ्यावर बसलं. रांजण वाचला. पण मातीची चकती मधोमध फुटली, आणि साहेबांच्या अंगठ्याचे दोन तुकडे झाले.

आतून वास आला. मी तिथेच बसलो. एका बाईचा एवढा एकच आधार उरला होता आणि तोही मी माझ्या हातानं फोडला.

हल्के धावत आला. जाऊन तळ्याची माती घेऊन आला, मी मळली. नेहमी चकतीखाली वेलीची पानं लावायचे, पण पानं होती कुठे? म्हणून उघड्या मातीचीच चकती केली. खालची बाजू ओल्या तळव्यानं सारवून सारवून गुळगुळीत केली, एक रेघ राहू दिली नाही. थोडी सुकवून बसवली, कडा लिंपल्या. वरून अंगठा दाबायची वेळ आली तेव्हा हल्केनं माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला. ते सील माझं नव्हतं. वर ओलं पोतं टाकलं, कुलूप लावलं.

आंटी चर्चमधून आल्या. "क्या बोला?"

"भरा है, आंटी।"

पुढचे तीन महिने दर रविवारी मी हेच खोटं बोललो. कारण आत जाऊन टोला द्यायचो तर काहीच ऐकू येत नव्हतं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. माझं जेवण कमी झालं. आमची ही म्हणाली, डॉक्टरला दाखवा. तात्यांना तेवढं सांगून टाकलं.

नाताळच्या आधीचा शेवटचा रविवार. मी खोलीत गेलो, पण टोला द्यायचं धाडस होईना. हातोडी भिंतीला टेकवून ठेवली आणि नुसता उभा राहिलो. परत फिरलो तेव्हा पाठीमागून, जमिनीतून, एकच आवाज आला. खणखणीत, घंटेसारखा.

मी वाजवलं नव्हतं. बाहेर आलो तर आंटी व्हरांड्यात उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही.

* * *

नाताळ. चर्चहून येऊन आंटींनी निळा झगा अंगावर तसाच ठेवला, साहेबांचा जुना ग्लास पुसून घेतला आणि साहेब गेल्यापासून प्रथमच त्या खोलीत पाऊल टाकलं. दुपारचे बारा वाजले होते, दार सताड उघडं, ऊन रांजणापर्यंत आलेलं. सामान बांधून तयार होतं. चार दिवसांनी त्यांची गाडी होती.

हल्केनं पोतं काढलं. आंटी वाकल्या आणि चकतीवरून हात फिरवू लागल्या. शोधत होत्या.

"अंगूठा कहाँ है?"

मी सगळं सांगितलं. हातोडी, फुटलेलं सील, तळ्याची माती, तीन महिन्यांचं खोटं. म्हटलं, आंटी, ही चकती माझ्या हातची आहे, साहेबांच्या नाही. आत सिरका झाला असेल तर तो मी केला.

तात्या दाराशी टोपी हातात घेऊन उभे. मग आंटी म्हणाल्या, "खोलो।"

मी कडा खरवडल्या. हल्केनं चकती अख्खी उचलून बाजूला भिंतीशी ठेवली. वास आला तो जर्दाळूचा. सालं सगळी तळाशी बसलेली, वर स्वच्छ, उन्हात चमकणारी केशरी. ओगराळ्यानं काढून मी ग्लास भरला. थोडी सांडली.

आंटींनी एक घोट घेतला. डोळे मिटले. मग दुसरा. ग्लास सावकाश, पूर्ण संपवला आणि मग त्या रडल्या, आम्हा सगळ्यांच्या देखत, लहान मुलीसारख्या. "वही है," म्हणाल्या. "उसी का हाथ है।"

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मला वाटलं, झालं, देवानं निभावून नेलं. तात्या खुर्च्या आणायला वळले. हल्के जागा करायला म्हणून ती चकती उचलू लागला, आणि उचलता उचलता उलटी झाली.

"भैया," हल्के म्हणाला. "जो देखो।"

खालची बाजू. मी तळव्यानं सारवलेली, जी तीन महिने रांजणाच्या आत, अंधारात, रसाच्या वर होती. बरोबर मधोमध, आतून वर दाबलेला एक ठसा. आखूड, बोथट, टोकाला आडवा व्रण. माती तेवढ्या जागी अजून ओली होती.

आंटींनी चकती मांडीवर घेतली. ठशात आपला अंगठा ठेवून पाहिला, काढला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "सोमण, अपने हाथ दिखाओ।"

मी दोन्ही हात पुढे केले. माझे दोन्ही अंगठे पूर्ण आहेत.